रामसेस रस्त्यावरचा नाका

३० जानेवारी २००८, बुधवार. दुपारपर्यंत चिपळूणच्या माझ्या सायबर कॅफेतले सहाही संगणक व्यवस्थित चालले होते. दोनच्या सुमारास पाने उघडेनाशी झाली. आम्हाला हे नवे नव्हते. रस्ता खोदला की केबल तुटायची, पाऊस झाला की वीज जायची. मी गिऱ्हाइकांना सवयीने सांगितले, "थोडं थांबा, येईल." संध्याकाळी नेहमीच्या एक चाची आल्या. त्यांचा मुलगा कुवेतला होता आणि दर बुधवारी ती माउली वेबकॅमसमोर बसून त्याला बघत असे. त्या दिवशी पडद्यावर मुलगा काही आला नाही. तासभर बसून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या जुन्या फोनवर निदान आवाज तरी यायचा रे."

पुढच्या दोन दिवसांत वर्तमानपत्रांतून कळले, की या वेळी तुटलेली केबल आमच्या रस्त्याखालची नव्हती. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराजवळ, भूमध्य समुद्राच्या तळाशी, सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबली एकाच दिवशी तुटल्या होत्या. देशाची निम्म्याहून अधिक बँडविड्थ गेल्याचे इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या संघटनेने सांगितले. जहाजाचा नांगर लागला असावा, असे आधी छापून आले. मग इजिप्तच्या दूरसंचार मंत्रालयाने खुलासा केला, की त्या वेळी त्या भागातून एकही जहाज गेलेले नाही.

सायबर कॅफेच्या आधी त्याच गाळ्यात माझा एसटीडी-आयएसडी बूथ होता. आखाती देशांशी आमच्या भागाचे नाते किती दाट आहे, हे मी त्या काचेच्या खोक्याबाहेर बसून रोज पाहिले होते. रात्री अकरानंतर दर कमी होत, तेव्हा बाकावर जागा उरत नसे. मीटरवरचे लाल आकडे धावू लागले की आतला माणूस आवाज वाढवी आणि वाक्ये तोडी. कुवेत, दुबई, मस्कत, दोहा यांचे कोड मला तोंडपाठ होते. इजिप्तचा कोड मात्र मी कधी फिरवला नव्हता. ज्या देशाशी आपला काडीचा संबंध नाही, त्याच्या किनाऱ्यावर काही तुटले तर चिपळूणच्या चाचींना मुलगा दिसू नये, हे कसे? या एका प्रश्नापायी मी वाचायला लागलो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. पण गेली सतरा वर्षे हाच विषय धरून आहे.

अरब देशांतल्या दूरसंचाराच्या विकासाविषयी जे लिहिले जाते, त्यात बहुतेक दुबईच्या काचेच्या इमारती असतात. मला या विषयाची खरी गोष्ट कैरोतल्या एका जुन्या दगडी इमारतीत सापडली. ती या लेखात सांगायची आहे.

वाट

नकाशा उघडून पाहिला तर भूमध्य समुद्र आणि लाल समुद्र यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिसते, सुएझची. सुमारे सव्वाशे किलोमीटर रुंदीची. युरोपातून हिंदुस्थानात येणाऱ्या प्रत्येक तारेला एवढीच जमीन ओलांडावी लागते, बाकी सगळे पाणी. इजिप्तचे भाग्य आणि दुर्दैव दोन्ही या पट्टीत आहे.

१८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला काही आठवडे लागले, तेव्हा ब्रिटिश सरकारला तारेची निकड पटली. १८५९ मध्ये सुएझपासून एडनपर्यंत आणि १८६० मध्ये तिथून कराचीपर्यंत समुद्राखालून तार टाकण्यात आली. ती फार ताणून टाकली गेली होती. तळाशी प्रवाळाचे खडक, वर लाल समुद्राची उष्णता. तुकड्यातुकड्याने ती निकामी झाली. पण सरकारने कंपनीला परताव्याची हमी देऊन ठेवली होती आणि तार चाललीच पाहिजे अशी अट घातली नव्हती. त्यामुळे मेलेल्या तारेसाठी ब्रिटिश खजिना पुढे कित्येक वर्षे पैसे मोजत राहिला.

यानंतर १८६४ मध्ये इराणच्या आखातातून फाव या आजच्या इराकमधल्या बंदरापर्यंत तार आली आणि पुढच्या वर्षी बगदाद-इस्तंबूलमार्गे ती युरोपला जोडली गेली. वाटेतल्या तुर्की तारमास्तरांना इंग्रजी येत नसे. संदेश पोचेपर्यंत दिवस जात आणि पोचला तरी त्यातले शब्द ओळखू येत नसत.

खरे काम झाले १८७० मध्ये. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातले जगातले सर्वांत मोठे जहाज गटापर्चाच्या वेष्टणातली हजारो किलोमीटर तार पोटात घेऊन मुंबईला आले. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी, १८६९ च्या नोव्हेंबरात खुला झाला होता. पण एवढे अजस्र धूड त्यातून जाणे शक्य नव्हते, म्हणून ते आफ्रिकेला वळसा घालून आले. फेब्रुवारीत मुंबईहून एडनच्या दिशेने तार सोडायला सुरुवात झाली आणि जूनमध्ये लंडन-मुंबई जोडणी पुरी झाली. हे एडन त्या वेळी मुंबई इलाख्याचाच भाग होते. १८३९ मध्ये ते मुंबईहून गेलेल्या फौजेने घेतले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. अरबस्तानातल्या पहिल्या मोठ्या तारनाक्याचा हिशेब एके काळी आपल्या मुंबईतल्या दप्तरात लिहिला जात होता, हे आपण विसरलो आहोत.

जॉन पेंडर या उद्योगपतीने हे सगळे तुकडे १८७२ मध्ये जोडून ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी केली. तार इजिप्तच्या जमिनीवरून जात होती, पण इजिप्तसाठी जात नव्हती. लिव्हरपूलच्या कापूसदलालाचा निरोप मुंबईला जायचा, मुंबईच्या पेढीचा लंडनला. नाईलकाठचा शेतकरी त्या खांबांखालून आपली गाढवे हाकत असे, एवढाच त्याचा तारेशी संबंध.

तार कोणाची आहे, हे १८८२ मध्ये स्पष्ट दिसले. अहमद उराबीच्या नेतृत्वाखाली इजिप्तचे सैन्य परकी वर्चस्वाविरुद्ध उठले. ११ जुलैला ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. त्याआधीच तारकंपनीच्या 'चिल्टर्न' जहाजाने समुद्रातली केबल उचलून जहाजावर घेतली होती. शहरातले तारघर बंद, पण समुद्रावर तरंगते तारघर चालू. त्या उन्हाळ्यात इजिप्त ब्रिटिशांच्या हाती गेले.

इमारत

टेलिफोन इजिप्तमध्ये १८८१ मध्ये आला, तोही परकी कंपनीकडून. १९१८ मध्ये सरकारने ती टेलिफोन कंपनी विकत घेतली. १९२२ मध्ये निदान कागदावर देश स्वतंत्र झाला आणि १९२७ मध्ये राजा फुआद याच्या हस्ते मध्य कैरोत तार आणि टेलिफोनच्या मोठ्या इमारतीचे उद्घाटन झाले. रस्त्याला तेव्हा राणी नाझलीचे नाव होते. १९५३ मध्ये राजेशाही गेली. १९५५ मध्ये रेल्वे स्थानकासमोर रामसेस दुसरा या प्राचीन राजाचा प्रचंड पुतळा उभा राहिला आणि रस्ता रामसेसचा झाला. इमारतीला लोक 'सेंट्राल रामसेस' म्हणू लागले, म्हणजे रामसेस एक्स्चेंज.

ज्या तारेने देश गमावला, ती तार आता आपल्या ताब्यात आहे, असा त्या इमारतीचा अर्थ होता. गुलामीतून आलेल्या कोणत्याही देशाला तो समजण्यासारखा आहे. आपल्याकडेही टेलिफोन सरकारचाच होता. पण ताबा घेणे वेगळे आणि लोकांपर्यंत पोचवणे वेगळे. गमाल अब्देल नासर यांच्या राजवटीला बोलायचे फार होते. १९५३ मध्ये सुरू झालेले 'सौत अल-अरब', म्हणजे अरबांचा आवाज, हे कैरोचे रेडिओ केंद्र मोरोक्कोपासून इराकपर्यंत ऐकले जाई. रेडिओत एकजण बोलतो आणि सगळे ऐकतात. टेलिफोनमध्ये दोघे बोलतात आणि तिसऱ्याला ते ऐकू येऊ नये अशी अपेक्षा असते. रेडिओ वाढला आणि टेलिफोन मागे राहिला, यामागे पैशाची टंचाई होती, युद्धे होती; पण ही आवडनिवडही होती असे मला वाटते.

सत्तरच्या दशकात कैरोतला फोन हा विनोदाचा विषय झाला होता. जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबायचे आणि मिळाली तर डायल टोनसाठी थांबायचे. शहरात फोन लावण्यापेक्षा माणूस पाठवणे बरे पडे. नेमक्या याच काळात, १९७३ नंतर तेलाचे भाव भडकल्यावर, लाखो इजिप्शियन कामासाठी आखातात गेले. तेव्हाच आपल्या कोकणातलेही गेले. दोघांनी घराशी बोलण्यासाठी एकच युक्ती काढली. कॅसेटवर आवाज भरायचा आणि गावी जाणाऱ्या माणसाबरोबर ती पाठवायची. आमच्या शेजारच्या घरी अशी कॅसेट आली की मुलांना गप्प बसवून सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसत. नाईलच्या खोऱ्यातल्या घराघरांतही हेच चालले होते, हे वाचले तेव्हा ती कॅसेट मला पुन्हा ऐकू आली.

अक्षर

तार आणि टेलिफोनला भाषेचा फारसा अडसर नव्हता. संगणकाला होता. या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी वाचकाला त्यातले दुखणे लगेच ओळखू येईल.

अरबी वर्णमालेत २८ अक्षरे. ती उजवीकडून डावीकडे लिहायची, एकमेकांना जोडून. बहुतेक अक्षरांची रूपे चार: सुटे, शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी. आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. इंग्रजीसाठी बनलेल्या यंत्राला हे सगळे परके होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक उत्पादकाने अरबी अक्षरांना आपापले आकडे दिले होते. एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की नुसती खिचडी. आपल्याकडे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या दुकानात नेला की चौकटी आणि प्रश्नचिन्हे दिसत. दिवाळी अंकांच्या जुन्या संपादकांना हे सांगायला नको.

मोहम्मद अल-शारेख या कुवेती उद्योजकाने १९८२ मध्ये 'सख्र' हा उपक्रम सुरू केला. त्याने जपानी बनावटीच्या एमएसएक्स घरगुती संगणकांना अरबी शिकवले. नबील अली या इजिप्शियन अभियंत्याने तिथे अरबी व्याकरणाचे विश्लेषण करणाऱ्या प्रणाली उभ्या केल्या. अरबी शब्द धातूपासून साच्यांनुसार घडतो, म्हणून शब्दाचे मूळ शोधणारा प्रोग्राम लिहिणे हे व्याकरणकाराचेही काम होते. कुराणाचा मजकूर शोधता येईल असा प्रोग्राम त्यातूनच आला. अरब देशांच्या मानक संस्थेने १९८६ मध्ये अरबी अक्षरांची एक समान सांकेतिक यादी ठरवली आणि पुढच्या वर्षी तीच आंतरराष्ट्रीय मानक झाली.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आमच्या बाजारपेठेतल्या कित्येक घरांतली माणसे तिथे अडकली होती, लाइन लागत नव्हती आणि बायका पोस्टासमोर उभ्या असत. त्याच आक्रमणामुळे सख्रला कुवेत सोडून कैरोला यावे लागले. नबील अली यांनी १९९४ मध्ये अरब आणि माहितीयुग या विषयावर ग्रंथ लिहिला आणि तो अरब जगात खूप वाचला गेला. यंत्रे विकत आणणे म्हणजे माहितीयुगात शिरणे नव्हे, आपल्या भाषेला यंत्रात जागा करून दिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

पण तरुण पिढी मानकांसाठी थांबली नाही. मोबाइल आणि चॅटवर अरबी उमटत नसे, म्हणून तिने रोमन लिपीत अरबी लिहायला सुरुवात केली. रोमनमध्ये नसलेल्या आवाजांसाठी इंग्रजी आकडे घेतले. 'ऐन' हे अक्षर उलट्या तीनसारखे दिसते, म्हणून त्याच्यासाठी तीन, घशातल्या 'ह'साठी सात, 'हमझा'साठी दोन. या लेखनाला कोणी अरबीझी म्हणे, कोणी फ्रँको. माझ्या कॅफेत मुले रोमनमधून मराठी लिहीत, त्याचेच हे भावंड. ५ मे २०१० ला इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात यांची अरबी लिपीतली डोमेन नावे सुरू झाली. रोमनेतर लिपीतली ही जगातली पहिली देश-डोमेन. आपले देवनागरी 'भारत' त्यानंतर आले.

सत्तर आणि तीस

२००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने अरब देशांच्या मानवी विकासाचा अहवाल प्रसिद्ध केला. तो अरब अभ्यासकांनीच लिहिला होता. त्यातले दोन आकडे तेव्हा गाजले: अरब जगात दर हजार माणसांमागे १८ पेक्षा कमी संगणक होते, तर जगाची सरासरी ७८.३ होती, आणि इंटरनेट जेमतेम १.६ टक्के लोकांपर्यंत पोचले होते.

इजिप्तचे सरकार त्याआधीच हालले होते. १९९८ मध्ये सरकारी टेलिफोन खात्याची 'टेलिकॉम इजिप्त' ही कंपनी झाली. त्याच वर्षी दोन खाजगी मोबाइल कंपन्या सुरू झाल्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये दूरसंचार आणि माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि अहमद नझीफ मंत्री झाले. नझीफ हे संगणक अभियंते, कॅनडातून डॉक्टरेट घेतलेले प्राध्यापक. अरब मंत्रिमंडळात असा माणूस हे नवल होते.

जानेवारी २००२ मध्ये त्यांनी मोफत इंटरनेट योजना आणली. तिची रचना मला आजही हुशारीची वाटते. ग्राहकाने इंटरनेट कंपनीला वर्गणी द्यायची नाही. फक्त ठरावीक क्रमांकावर डायल करायचे आणि स्थानिक फोनचे जे बिल होईल ते भरायचे. त्या बिलातले ७० टक्के इंटरनेट कंपनीला, ३० टक्के टेलिकॉम इजिप्तला. सरकारचा खर्च नाही, कंपनीला वसुलीची कटकट नाही आणि गरीब घरातल्या मुलाला महिन्याचे पैसे आधी भरायची गरज नाही. बूथवाला म्हणून मला हे गणित लगेच समजले. आमचा धंदाही अशाच वाट्यावर चाले. कैरो-अलेक्झांड्रिया वाळवंटी रस्त्यालगत २००३ मध्ये 'स्मार्ट व्हिलेज' हे तंत्रज्ञान संकुल उघडले. २००६ मध्ये तिसऱ्या मोबाइल परवान्यासाठी एतिसलात या अमिरातीच्या कंपनीच्या गटाने १६.७ अब्ज इजिप्शियन पौंड मोजले.

ही वाट अरब जगात एकट्या इजिप्तची नव्हती. मोरोक्कोने १९९९ मध्ये दुसऱ्या मोबाइल कंपनीसाठी उघड लिलावपद्धत वापरली आणि १.१ अब्ज डॉलर मिळवले. त्या रकमेने भल्याभल्यांचे डोळे विस्फारले. मक्तेदारी मोडली की सरकारचे उत्पन्न बुडते, ही भीती त्या एका व्यवहाराने पुसली. मोबाइल गल्लीबोळांत पोचला. कित्येक घरांत टेलिफोनची तार कधी आलीच नाही आणि मोबाइल मात्र आला.

नझीफ २००४ मध्ये पंतप्रधान झाले. पण त्याआधी, २००३ मध्ये, दूरसंचाराचा नवा कायदा झाला होता. त्याच्या ६७ व्या कलमाने राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रसंगी सगळ्या कंपन्यांचे जाळे आणि कर्मचारी सरकारच्या हुकमाखाली आणण्याचा अधिकार दिला. परवाने खाजगी झाले, नाका सरकारीच राहिला. आणि देशाबाहेर जाणाऱ्या बहुतेक तारा एकत्र येत होत्या त्या २६, रामसेस रस्ता या पत्त्यावर.

मध्यरात्र

२५ जानेवारी २०११ पासून कैरोच्या तहरीर चौकात हजारो माणसे जमू लागली. २७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, घड्याळात साडेबाराच्या सुमारास, जगभरच्या इंटरनेट मार्गांवर नजर ठेवणाऱ्यांना एक अजब दृश्य दिसले. इजिप्तकडे जाणारे सुमारे साडेतीन हजार मार्ग काही मिनिटांत नकाशावरून नाहीसे झाले. सुमारे आठ कोटींचा देश अंधारात गेला. सकाळी मोबाइलवरचे बोलणेही बंद झाले. शेअर बाजार ज्या कंपनीच्या जोडणीवर होता ती एक छोटी कंपनी तेवढी आणखी तीन दिवस चालू राहिली.

हे नेमके कसे केले गेले, याबद्दल दोन मते आहेत. रामसेसच्या इमारतीत कळ दाबली गेली असे काही म्हणतात. सुरक्षा यंत्रणेने एकेका कंपनीला फोन करून बंद करायला लावले असे इतर म्हणतात. माझ्या दृष्टीने फरक थोडा. मोजक्या कंपन्या, एक कायदा आणि एक इमारत असेल तर दोन्ही गोष्टी काही मिनिटांत होतात.

याच दिवसांत जुना टेलिफोन कामाला आला. घरगुती तारेचे फोन बंद केलेले नव्हते. फ्रान्समधल्या एका ना-नफा सेवादाराने आपला डायल-अप क्रमांक जाहीर केला. ज्यांच्याकडे जुने मोडेम होते त्यांनी पॅरिसला फोन लावून इंटरनेट मिळवले. गूगल आणि ट्विटरने अशी सोय केली, की आंतरराष्ट्रीय क्रमांकावर फोन करून बोलायचे आणि ते बोलणे जगाला ऐकू जायचे. चाचींचे शब्द मला तेव्हा आठवले. निदान आवाज तरी यायचा.

बंदीने चौक रिकामा झाला नाही. घरात बातमी मिळेना, म्हणून माणसे खाली उतरून बघायला गेली, असे अनेकांनी पुढे सांगितले. २ फेब्रुवारीला इंटरनेट परत आले. पाच दिवसांत किमान नऊ कोटी डॉलरचे थेट नुकसान झाल्याचा अंदाज ओईसीडी या संघटनेने दिला. त्या रात्री पंतप्रधान होते अहमद नझीफ. देशाला मोफत इंटरनेट देणारा मंत्री आणि ते बंद झाले तेव्हाचा पंतप्रधान एकच. मे महिन्यात न्यायालयाने मुबारक, गृहमंत्री अदली आणि नझीफ यांना मिळून ५४ कोटी पौंड दंड केला. नझीफ यांच्या वाट्याला ४ कोटी आले. २०१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो दंडही रद्द केला.

नझीफ यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. त्यांनी रस्ता रुंद केला, हे खरेच मोठे काम होते. फक्त रस्त्यावरचा नाका त्यांनी हलवला नाही आणि एक दिवस त्याचा अडसर त्यांच्याच डोळ्यांदेखत खाली आला.

शेजारी

इतर अरब देशांतही नाक्याचीच कहाणी दिसते. सौदी अरेबियात १९९९ मध्ये लोकांना इंटरनेट मिळाले, ते रियाधमधल्या एकाच विज्ञानसंस्थेच्या फाटकातून. ट्युनिशियात सगळी वाहतूक एका सरकारी एजन्सीतून जाई. बंद केलेल्या पानावर 'सापडत नाही' या अर्थाचा ४०४ हा आकडा दिसे, म्हणून लोकांनी त्या अदृश्य सेन्सॉरचे नाव ठेवले 'अम्मार ४०४'. जणू कोपऱ्यात बसलेला एखादा कंटाळलेला कारकून.

लिबियात २०११ मध्ये गद्दाफींनी पूर्वेकडच्या शहरांचे फोन तोडले, कारण यंत्रणेचे डोके त्रिपोलीत होते. बेनगाझीच्या बाजूच्या अभियंत्यांनी तिथले मोबाइल जाळे त्रिपोलीपासून सोडवले आणि 'लिबियाना अल-हुर्रा', म्हणजे मुक्त लिबियाना, या नावाने चालू केले. उलट टोक सोमालियाचे. अरब लीगचा हा सदस्य देश १९९१ नंतर सरकारविना राहिला आणि तिथल्या खाजगी कंपन्यांनी आफ्रिकेतले स्वस्त फोन दिले. पण २०१७ मध्ये एका मालवाहू जहाजाने केबल तोडली आणि देशाचा मोठा भाग तीन आठवड्यांहून अधिक काळ इंटरनेटविना राहिला. सरकार नसले म्हणजे नाका नसतो असे नाही. एकच तार असली की तीच नाका.

इजिप्तच्या नाक्याला वळसा घालायचे प्रयत्नही चालू आहेत. इटलीहून इस्रायल, जॉर्डन, सौदी अरेबिया आणि ओमानमार्गे मुंबईला येणारी ब्लू-रामन ही गूगलची केबल त्यासाठीच आखली गेली. तिच्या नावातले रामन म्हणजे आपले चंद्रशेखर वेंकट रामन. मुंबई इथेही दुसऱ्या टोकाला आहे, १८७० प्रमाणेच.

आग

७ जुलै २०२५ च्या संध्याकाळी सेंट्राल रामसेसला आग लागली. टेलिकॉम इजिप्तचे चार कर्मचारी त्यात मरण पावले, वीसहून अधिक माणसे जखमी झाली. राजधानीतले फोन आणि इंटरनेट कोलमडले, तातडीच्या सेवांचे क्रमांक लागेनात, कार्डाने पैसे देता येईनात. दुसऱ्या दिवशी शेअर बाजाराचे व्यवहार बंद ठेवावे लागले. २०११ मध्ये शेअर बाजार शेवटपर्यंत वाचवायचा प्रयत्न झाला होता. या वेळी तेही जमले नाही. चौदा वर्षांपूर्वी हुकमाने जे झाले, ते आता आगीने केले.

एवढ्या देशाचे एवढे सगळे एका इमारतीत का, असा प्रश्न मग इजिप्तमध्येच विचारला गेला. सेवा हळूहळू इतर एक्स्चेंजवर वळवण्यात आल्या. हे काम आधी करता आले असते. शंभर वर्षांपूर्वी सगळ्या तारा एका छताखाली आणणे हे स्वाभिमानाचे आणि सोयीचे होते. नंतर ते हुकमासाठी सोयीचे राहिले. ज्याला एका हाताने बंद करता येते, ते एका ठिणगीनेही बंद पडते. जाळे किती वेगवान आहे यापेक्षा ते किती हातांत आणि किती वाटांत वाटलेले आहे, यावरून मी आता कोणत्याही देशाचा दूरसंचार जोखतो. आपला देशही त्याला अपवाद नाही.

सप्टेंबरमध्ये, हा लेख लिहायला घेतला तेव्हाच, जेद्दाजवळ लाल समुद्रात पुन्हा केबली तुटल्या आणि आपल्याकडचे इंटरनेट रेंगाळले. माझा सायबर कॅफे केव्हाच बंद झाला आहे. त्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्ती चालते. बूथचे एक रजिस्टर मात्र मी जपून ठेवले आहे. तारीख, गाव, कोड, मिनिटे, रुपये असे पाच रकाने. ९६५, कुवेत, चार मिनिटे. ९७१, दुबई, तीन मिनिटे. ९६८, मस्कत, दोन मिनिटे आणि पुढे कंसात 'परत केला', कारण पलीकडे कोणी उचलले नव्हते आणि मी पैसे घेतले नव्हते. रामसेस रस्त्यावर त्या रात्री मेलेले चौघे असेच कुणाकुणाची लाइन जोडून देण्याच्या कामावर होते. ही वही मी उघडतो, तेव्हा आता त्यांचीही आठवण येते.